जोत्यातलं धान

माझं लग्न होऊन मी आरमोरीजवळच्या त्या गावी आले, तेव्हा सासरच्या घराच्या मागच्या भिंतीला बाहेरून तीन बल्ल्या, म्हणजे लाकडाचे लांब सोट, टेकवून ठेवलेल्या होत्या. मला वाटलं, लग्नाच्या मांडवाच्या उरल्या असतील. चार दिवसांनी त्यातली एक मी लुगडी वाळत घालायला म्हणून ओढायला गेले, तर सासरे ओसरीवरून ओरडले, "अवं, हात नको लावू तिले! घर तिच्याच भरवशावर उभं हाये!"

सगळे हसले, मीही हसले. माझं माहेर वडशाचं. रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत, विटांच्या घरात वाढलेली मी. घराला टेकू लागतो, ही मला सासरच्या माणसांची थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती ती. आमचं घर तलावाच्या पाळीखाली होतं. सागवानाचे खांब सरळ जमिनीत पुरलेले, त्यांच्यामध्ये मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. पाया नावाची वस्तू त्या घराला नव्हती. पाळीतून पाझरलेलं पाणी जमिनीखालून यायचं आणि भिंती ते खालून पीत बसायच्या. भर पावसाळ्यात भिंतीला बोट लावलं तर बोट आत जायचं. दर उन्हाळ्यात सासरे भिंतींना नवी माती लावायचे आणि दर पावसाळ्यात ती माती अंगणात उतरायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मुलगा झाला, त्याच्या पहिल्याच श्रावणात, दुपारी, स्वयंपाक उरकून मी भांडी घासत होते आणि मागच्या खोलीची, बल्ल्या नसलेली बाजूची भिंत पडली. बाहेरच्या बाजूला पडली. आवाजही फारसा झाला नाही, धान्याचं पोतं टाकावं तेवढाच. मी धावत गेले तर पाळणा जागच्या जागी, मुलगा झोपलेला, आणि पाळण्याच्या पलीकडे शेजाऱ्यांचा भोपळ्याचा वेल सरळ दिसत होता. शेजारीण वेलाआडून म्हणाली, "आता हवा चांगली येईल वो!" मी तेव्हाही हसले. मग मुलाला पाजायला घेतलं ते पुढच्या ओसरीच्या कडेला, सगळ्या भिंतींपासून लांब बसून.

सासऱ्यांनी तिथे आधी तट्ट्या बांधला आणि उन्हाळ्यात भिंत परत उभी केली, पण त्या दिवसापासून पाऊस सुरू झाला की माझी झोप गेली. दिवस असो की रात्र, बाहेर धार लागली की माझे कान भिंतीकडे. माती सुटताना आधी बारीक खरखर होते, ती ऐकू येते का बघत मी पडून राहायचे. बाकी घर गाढ झोपलेलं आहे आणि आपणच एकट्या पहाऱ्यावर आहोत, याचा मला रागही यायचा. मला मोठं घर नको होतं, देखणं तर मुळीच नको होतं. मला पावसात झोपता येईल असं घर हवं होतं.

पुढच्या वर्षी धान बरं पिकलं. वडशाच्या व्यापाऱ्यानं भावही बरा दिला. नवं घर बांधायचं ठरलं. जागाही होती. गावाच्या वरच्या अंगाला आमची एक लहानशी बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, चार वर्षं पडीक होती. तलावाच्या पाझरापासून लांब. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. यापुढे एकाचंही मत दुसऱ्याशी जुळेना.

सासरे म्हणायचे, पाया कशाला? "मी तीन घरं बांधली. खड्डा केला, खांब उभा केला, माती ठोकली, झालं काम. घर वर बांधावं, का जमिनीत बांधावं?" त्यांच्या काळी ते खरंही होतं. मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, जंगल होतं, त्याला विचारलं की सागवान घरी यायचं. खांब कुजला की दुसरा. आता मालगुजारी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, जंगल सरकारचं झालं होतं आणि लाकडाला डेपोत जाऊन रोकडा मोजावा लागत होता. सासऱ्यांना हे ठाऊक होतं, पण पटत नव्हतं. जंगल समोर दिसतंय आणि लाकूड विकत घ्यायचं, हे त्यांच्या मते फार दिवस टिकणार नव्हतं.

आमच्या ह्यांची तऱ्हा वेगळीच. हे दर हिवाळ्यात वडशाला आणि आसपास जिथे मंडप उभा राहील तिथे नाटकं बघायला जायचे. सकाळी लाल डोळ्यांनी परत यायचे आणि आठवडाभर राजासारखे बोलायचे. ह्यांच्या मनातलं घर त्या नाटकांच्या पडद्यावर रंगवलेलं होतं. दोन बाजूंनी जिने, मधे खांब, वर सज्जा. त्या महालाला पाया कसला होता ते ह्यांनी कधी बघितलं नव्हतं, कारण पडदा जमिनीपाशी संपायचा. ह्यांना माडी हवी होती, कठड्याला नक्षी हवी होती आणि पुढच्या दाराला आरमोरीच्या सुताराकडची वेलबुट्टीची चौकट हवी होती. चौकटीबद्दल बोलताना ह्यांचा आवाजच बदलायचा.

सासूबाई काही बोलायच्या नाहीत. कोपऱ्यात बसून धान पाखडायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "बांधा जसं बांधायचं तसं." मला वाटायचं, ह्या बाईला कसलं सुखदुःखच नाही.

मी हिशेबाला चिंचोके घेतले. लिहिणं-वाचणं मला येत होतं, पण घरातल्या सगळ्यांना एकदम दिसेल असा हिशेब मला हवा होता. जेवढ्या गाड्या धान विकलं तेवढ्या गाड्यांचे चिंचोके मी ओसरीवर मांडले आणि मधून कोळशाची एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडचे 'खालचे', म्हणजे दगड, चुना, मुरूम, खोदाई. पलीकडचे 'वरचे', म्हणजे लाकूड, कवेलू, दारं, माडी. हे येता-जाता खालचा एखादा चिंचोका पायाच्या बोटानं वर सरकवायचे. मी तो परत आणून ठेवायचे. मुलगा मधेच एखादा तोंडात घालायचा, आणि मग तो कुणाच्या खात्यातला गेला यावरून आमचं भांडण व्हायचं.

गवंडी माझ्या माहेरचा. वडशाहून आला तो पोट पुढे आणि तोंड त्याच्याही पुढे. जागेवर उभा राहून त्यानं सब्बल, म्हणजे पहार, मारली, माती हातात घेऊन वळली, तिची बारीक गोळी केली आणि सासऱ्यांना दाखवली. "भाऊ, हे कन्हार हाये. काळी चिकणी माती. उन्हाळ्यात भेगा पडते, पावसाळ्यात फुगते. हिच्यावर घर म्हंजे म्हशीच्या पाठीवर घर. म्हैस बसली का घर बसलं. मुरूम लागेपर्यंत खाली जा, मंग वर या."

"मुरूम कितीक खाली लागन?" ह्यांनी विचारलं.

"ते म्हशीलेच ठाऊक," गवंडी म्हणाला आणि पान लावायला बसला.

त्यानं तीन तऱ्हा सांगितल्या. सगळ्यात स्वस्त, कमरेएवढा चर, त्यात दगड नुसत्या मातीच्या गाऱ्यात. सगळ्यात महाग, मुरमापर्यंत चर आणि खालपासून वरपर्यंत चुना. मधली, मुरमापर्यंत चर, जमिनीखाली दगड गाऱ्यात, जमिनीवर दोन हात जोतं चुन्यात, आणि सगळ्या दरजा चुन्यानं बंद. गवंड्याचा डोळा महागाकडे, कारण चुना मळायच्या घाणीला स्वतःचेच बैल जुंपायचा त्याचा बेत होता. सासऱ्यांचा डोळा स्वस्ताकडे. मी मधली धरली आणि कुणी काही म्हणायच्या आत रेघेवरचे चिंचोके सरकवून टाकले. ह्यांनी बघितलं, माडी निम्मी झाली होती.

खोदाई माघात सुरू झाली. गुडघ्याएवढं खोदलं, कन्हार. कमरेएवढं खोदलं, कन्हार. येणारे-जाणारे चराच्या काठावर उकिडवे बसायचे. "काऊन भाऊ, विहीर खोदून राह्यले का?" सासरे हे ऐकून खूश व्हायचे आणि म्हणायचे, "घर खाली हाये म्हणते आमच्या सुनेचं. वर फक्त दार राहीन." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण मी जायचे, चरात वाकून बघायचे आणि घरी येऊन आणखी एक चिंचोका खाली सरकवायचे.

असं करत करत आमचं घर वरून खाली उतरत गेलं. आधी माडी गेली. मग कठडा गेला, कारण माडीच नाही तर कठडा कशाला लावणार? मग पुढच्या ओसरीच्या सहा खांबांचे चार झाले. मग वडशाचे नवे कवेलू गेले आणि जुन्याच घराचे उतरवून वापरायचे ठरले. ह्यांनी प्रत्येक वेळी छातीवर हात ठेवून नाटकातल्यासारखा निरोप घेतला, "जा माडी, जा! तुझा माझा संग इतकाच!" सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. पण चौकटीचे चिंचोके ह्यांनी रेघेपासून लांब, तुळशीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवले आणि बजावलं, "इथी हात लावायचा नाई." मी लावला नाही. माणसाकडे एवढं तरी असावं.

छातीएवढं खोदल्यावर पश्चिमेला मुरूम लागला. पिवळसर, कडक. मग दक्षिणेला लागला. उत्तरेला जरा वरच लागला, तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला. शेवटी पूर्वेचा, बांधावरच्या आंब्याकडचा कोपरा तेवढा राहिला होता. तिथे सब्बल खणकन वाजली आणि खाली उतरलेला मजूर ओरडला, "लागला!" आम्ही सगळे धावलो. पिवळा मुरूमच होता. गवंडी म्हणाला, लागला. सासरे म्हणाले, लागला. मीही म्हणाले, लागला. इतके दिवस खोदून सगळ्यांना लागायलाच हवा होता तो. त्याच दिवशी हळदकुंकू वाहून, नारळ फोडून पहिला दगड बसवला. सासूबाईंनी त्या दगडाला भाताचा घास दाखवला.

दगड वैशाखभर आले. जोतं जमिनीवर दोन हात उठलं, दरजा चुन्यानं भरल्या आणि गवंड्यानं पाणसळ लावून वरचा थर असा सारखा केला की त्यावर चिंचोका ठेवला तर घरंगळत नव्हता. मी ठेवून बघितला. आता आतली भर. सगळी भर मुरमाची घालावी, तर चिंचोके पुरत नव्हते. म्हणून चरातून निघालेली काळी मातीच आत परत टाकून, बैल फिरवून तुडवून घेतली आणि वरची वीतभर जागा मुरमासाठी ठेवली. मुरमाच्या गाड्या ठरल्या. मुरूम पडला की भिंती, भिंतींवर छप्पर, आणि पाऊस लागायच्या आत आम्ही आत. असा माझा हिशेब होता.

पण त्या वर्षी मृगाच्या आधीच दोन जोरदार सरी आल्या. एवढ्यानं झालं. गावातले एकूण एक बैल त्या दिवशी शेताकडे वळले. मुरमाच्या गाडीवाल्याला मी निरोप पाठवला, तर त्यानं निरोप आणणाऱ्यालाच नांगराला लावून घेतलं. धानाच्या मुलखात पेरणीच्या दिवसांत घर बांधायचं म्हणणाऱ्या बाईकडे लोक जरा दयेनंच बघतात. ह्यांनाही शेतावर जावं लागलं. गवंडी वडशाला पळाला. आणि मी परत त्याच पाळीखालच्या घरात, त्याच तीन बल्ल्यांच्या भरवशावर, आणखी एक पावसाळा काढायला बसले. खूप रडले मी त्या दिवशी. चुलीच्या धुराचं निमित्त होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

आषाढात एकदा जोतं बघायला गेले. चारही बाजूंनी दगडाचा काठ, आत तुडवलेली काळी माती आणि तिच्यावर वीतभर पाणी, काठोकाठ. चारही बाजूंच्या दगडांवरून पातळ पदरासारखं ओघळत होतं. दरजांतून मात्र थेंब पाझरत नव्हता. सासरे बाजूला उभे राहून हे लोकांना दाखवत होते. ज्यांनी पायाला जन्मभर नावं ठेवली, त्यांना तो आता एकदम आवडला होता. "पाहा, थेंब जात नाई! माह्या बांधीलेबी असा बांध नाई!" आमच्या भागात माणसाला जे शहाणपण येतं ते बहुतेक पाणी अडवण्याचं येतं. घराच्या पायात पाणी अडलं तर ते चांगलं की वाईट, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

पुढच्या आठवड्यात आमची रोवणी, म्हणजे धानाची लावणी, संपली. संध्याकाळी सासूबाई घरी आल्या त्या कोपरापर्यंत चिखलात. चेहरा मात्र लग्नाहून आल्यासारखा. मी विचारलं, "बाई, इतका उशीर?"

"परे उरले होते वो चार पेंढ्या," त्या म्हणाल्या. धानाच्या रोपांना आमच्याकडे परे म्हणतात. "फेकू कशी? जोत्यात लावून आली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तशी मी तडक उठून तिकडे गेले. माझ्या घराच्या पायात, जिथे माझी चूल यायची होती, जिथे मुलाचा पाळणा बांधायचा होता, तिथे ओळीनं हिरवी रोपं उभी होती. वाऱ्यावर डोलत होती. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. येऊन मी बोलले. सासूला सुनेनं त्या काळात बोलू नये ते सगळं बोलले. पाऊस जरा उघडला असता तर गाड्या आणता आल्या असत्या, भर घालता आली असती, आता काय घराला निंदण घालायचं का, असं काहीबाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग हात धूत म्हणाल्या, "पाणी होतं, चिखल होता, जागा रिकामी होती. माह्यानं राहवलं नाई." आणि चूल पेटवायला गेल्या.

ह्यांना हे ऐकून हसू आवरेना. "कोनाच्या घरात धान पिकते? आपल्याच पिकते!" मी त्या दिवशी जेवले नाही.

भाद्रपदात खरोखरच उघडीप पडली. मी गाडीवाल्याकडे स्वतः गेले. तो मुरूम भरून आलाही. जोत्यापाशी येऊन थांबला, आत बघितलं आणि बैल मागे वळवले. धान पोटरीत आलं होतं, कणीस अजून पोटात होतं. पोटरीतलं धान म्हणजे आमच्याकडे गर्भार बाई. तिच्यावर माती टाकायला तो काही केल्या तयार होईना. "बाई, पाप करायले नको सांगू," म्हणाला. मी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. गावातला एकही माणूस त्या मूठभर धानावर फावडं टाकेना. सासऱ्यांनी तर गावभर सांगितलं, की कापणी झाल्याशिवाय घराला हात नाही. माझं घर एका पिकासाठी अडून बसलं होतं, आणि ते पीक एका पंगतीलाही पुरलं नसतं.

मग हस्त लागला. तो हत्तीसारखाच आला. तीन दिवस धार खंडली नाही. ह्यांनी मागच्या भिंतीला चौथी बल्ली लावली. मुलाला मी पाठीशी बांधूनच सगळी कामं करायचे, खाली ठेवायचेच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई डोक्यावर घोंगडी घेऊन धान बघून आल्या आणि पाय पुसत सहज म्हणाल्या, "चिंता नाई. पाणी जास्त झालं का आंब्याकडच्या कोपऱ्यातून आपल्याआप निघून जाऊन राह्यलं. बाकी कुठूनच नाई. जसा काही मोघाच पाडला."

मोघा म्हणजे जादा पाणी काढून द्यायला बांधात पाडलेली वाट. मी भात वाढत होते. हात तिथेच थांबला. आषाढात मी स्वतः बघितलं होतं, पाणी चारही बाजूंनी सारखं ओघळत होतं. पाणी कुणाची भीड धरत नाही. ते आता एकाच कोपऱ्यातून जातंय, याचा अर्थ तो कोपरा खाली गेलाय.

मी मुलाला पाठीवर घेऊन तशीच पावसात पळाले. खरं होतं. तीन बाजूंचे दगड पाण्याच्या दोन बोटं वर कोरडे होते, म्हणजे पावसात जितके कोरडे असावेत तितके, आणि आंब्याकडच्या कोपऱ्यावरून पाणी खळाळत पडत होतं. खाली बसून चुन्याची दरज चाचपली तर नख जाईल एवढी चीर वरपासून खालपर्यंत गेली होती. मी तिथेच चिखलात बसले. जूनमध्ये मुरूम आला असता तर आज या कोपऱ्यावर भिंत असती. भिंतीवर आढं असतं, आढ्याखाली आम्ही असतो. आणि दगडाचा पाया आहे म्हणून मी निश्चिंत झोपले असते. भीती वाटली मला, आणि सासूबाईंना बोललेलं सगळं आठवून लाजही वाटली. घरी येऊन मी त्यांच्या पाया पडले, तर त्या म्हणाल्या, "काऊन वो? आज कोनता सण हाये?"

कार्तिकात धान कापलं. सासूबाईंनी एकटीनंच कापलं, कुणाला आत येऊ दिलं नाही. मग गवंड्याला बोलावून तो कोपरा उकलला. सब्बल जिथे खणकन वाजली होती, तिथे मुरमाचा जाड भाकरीएवढा पापुद्रा निघाला. त्याच्याखाली परत कन्हार, पाण्यानं लोण्यासारखं झालेलं. गवंड्यानं पान थुंकलं आणि तो स्वतःच सब्बल घेऊन चरात उतरला. खरा मुरूम पुरुषभर खाली होता. तेवढा चर, तेवढे दगड, चुना परत घालायचा होता, आणि ओसरीवर रेघेच्या वरच्या बाजूला आता इतके थोडे चिंचोके उरले होते की त्यातून काही काढलं असतं तर छप्परच गेलं असतं.

मी ते पुन्हा पुन्हा मोजत बसले. संध्याकाळी हे तुळशीपाशी गेले, कट्ट्यावरचे चिंचोके मुठीत घेतले आणि माझ्यासमोर आणून ठेवले, रेघेच्या खालच्या बाजूला.

"चौकट?" मी विचारलं.

"दाराले काय, फळी लावली तरी दारच म्हणतेत," हे म्हणाले. आवाज नाटकातला नव्हता. मग म्हणाले, "पण कोपऱ्यातला एखादा दगड नक्षीचा बसवू का? मातीतच जाणार हाये, कोनाले दिसते?" मी इतकी हसले की मला रडू आलं.

पौषात मुरूम पडला, फाल्गुनात भिंती उठल्या, जुन्या घराचे कवेलू उतरवून नव्यावर चढले. जोत्यातलं धान सासूबाईंनी वेगळं ठेवलं होतं. वास्तुशांतीला त्याचा भात केला आणि प्रत्येकाच्या पानात चमचा-चमचा वाढला. लोकांनी तो प्रसादासारखा खाल्ला. सासऱ्यांनी पाहुण्यांना पाया दाखवायला म्हणून आंब्याकडे नेलं आणि तिथे जमीनच आहे, बघायला काहीच नाही, हे लक्षात आल्यावर आंबाच दाखवून परत आणलं.

मृग लागला. पहिला मोठा पाऊस दुपारी आला, जेवणं झाल्यावर. कवेलूंवर धार वाजायला लागली तशी मी सवयीनं कान भिंतीकडे लावला. खाली हात ठेवून बघितला. जमीन कोरडी, भिंत कोरडी. मुलाला कुशीत घेऊन मी जराशी आडवी झाले, एवढंच मला आठवतं.

उठले तेव्हा दिवस उतरणीला लागला होता. पाऊस अजून पडतच होता. चूल थंड, मूल कुशीत नाही. धडपडत बाहेर आले तर मधल्या खोलीत सासूबाई भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच झोपल्या होत्या. मान एका बाजूला, तोंड उघडं, मुलगा त्यांच्या मांडीवर त्यांच्या बांगड्यांशी खेळतोय. ओसरीवर सासरे दाराकडे तोंड करून बसले होते. मी चुलीकडे वळले तसं त्यांनी हात वर केला.

"हळू," ते म्हणाले. "भांडी वाजवू नको. तुही सासू झोपली हाये."

मला कळेना. सासूबाई दुपारी झोपल्या, यात एवढं काय? सासरे त्यांच्याकडेच बघत होते.

"लग्न होऊन आली तवापासून पावसात ही झोपली नाई," ते हळूच म्हणाले. "रात्री उठून पाहो, तर ही भिंतीले हात लावून बसून राहे. दर पावसात. काही बोले नाई." मग म्हणाले, "मले वाटे, हिले झोपच कमी हाये."